कुंपण आणि राखणदार : एका दृष्टांताची तपासणी

संगणकाच्या सुरक्षिततेचा धडा शिकवताना एक दृष्टांत हमखास दिला जातो. इंटरनेटची तार शाळेत येते तिथे बसवलेली वेगळी पेटी, म्हणजे फायरवॉलचे उपकरण, हे घराभोवतीचे कुंपण. आणि संगणकात भरलेले अँटिव्हायरस हा घरातला राखणदार. पुढचा निष्कर्ष ओघानेच येतो. कुंपण ही वस्तू आहे म्हणून ते भक्कम, राखणदार ही नुसती आज्ञावली म्हणून तो फितूर होण्याची भीती. दृष्टांत सोपा आहे. मीही तो व्याख्यानांत वापरला आहे. पण त्यातून एक चुकीची समजूत पक्की होते आणि तिच्यावर शाळेचा पैसा खर्च होतो, म्हणून तो तपासून पाहायला हवा.

त्यातले तथ्य आधी मान्य करू. सव्वापाच इंची फ्लॉपी ज्यांनी वापरली त्यांना तिच्या कडेची चौकोनी खाच आठवत असेल. खाचेवर काळी चिकटपट्टी लावली की फ्लॉपीवर काही लिहिता येत नसे. पारदर्शक पट्टी अनेकदा चालत नसे, कारण बऱ्याच ड्राइव्हमध्ये खाचेतून आरपार जाणारा प्रकाशकिरण तपासला जाई. किरण अडला की लिहिण्याचे मंडल ड्राइव्हमध्येच बंद पडे. संगणकातल्या विषाणूने कितीही आज्ञा सोडल्या तरी व्यर्थ, कारण त्या आज्ञांचा आणि किरणाचा काही संबंधच नव्हता.

आता कॅमेऱ्यात वापरतात ते एसडी कार्ड घ्या. त्याच्या कडेलाही सरकणारी छोटी खीळ असते. ती खाली ओढली की कार्ड ‘कुलूपबंद’ होते असे आपण समजतो. प्रत्यक्षात कार्डातल्या मंडलाला खीळ कुठे आहे याचा पत्ताच नसतो. कार्ड ज्यात घालतो ते यंत्र खिळीची जागा पाहते, आणि मान द्यायचा की नाही ते यंत्राने आणि त्याच्या आज्ञावलीने ठरवायचे! दोन्ही खुणा बाहेरच्या, दोन्ही हाताने करायच्या; पण एक अडसर आहे आणि दुसरी केवळ विनंती. तेव्हा साधन पेटीत आहे की आज्ञावलीत, हा प्रश्न मुळातच चुकीचा आहे. ज्याला अडवायचे त्याच्या आवाक्यात ते बदलणे आहे का, हे विचारले पाहिजे.

या कसोटीवर पेटीचा भक्कमपणा बराच उतरतो. फायरवॉलच्या पेटीतही प्रोसेसर, स्मृती आणि आज्ञावलीच असते. २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या व्हीपीएनफिल्टर या घातक आज्ञावलीने ५० हून अधिक देशांतील किमान ५ लाख राउटर आणि तत्सम उपकरणे ग्रासली होती. शिवाय पेटीला दिसते किती? आजची बहुतेक संकेतस्थळे माहिती सांकेतिक रूपात पाठवतात. पाकीट कोठून आले हे पेटीला कळते, आतला मजकूर सहसा कळत नाही. तो उलगडतो संगणकात, म्हणजे राखणदाराच्या समोर.

राखणदाराचे दुखणे वेगळे. ज्या यंत्राचे रक्षण करायचे त्याच यंत्रावर तो राहतो, आणि काम नीट व्हावे म्हणून त्याला घराच्या सगळ्या किल्ल्या द्याव्या लागतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा आज्ञावलीत एक सदोष सुधारणा आली आणि विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. त्यात कोणा चोराचा हात नव्हता. प्रत्येक विषाणू अचूक ओळखणारी आज्ञावली लिहिणे तत्त्वतःच अशक्य आहे, हे फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिले होते. जाहिरातींतली शंभर टक्क्यांची भाषा मात्र सुटत नाही.

मग पेटी घ्यायचीच नाही का? घ्यायची, पण कशासाठी ते ओळखून. आमच्या प्रयोगशाळेत एका मापनयंत्राला जुना संगणक जोडलेला आहे. त्याच्या विंडोजला सुधारणा मिळणे केव्हाच थांबले, आणि नवी विंडोज घातली तर यंत्राची आज्ञावली चालत नाही. अशा संगणकात राखणदार ठेवताच येत नाही. तो आम्ही पेटीआड ठेवला आणि पेटीवर विसंबलो. मग एका विद्यार्थ्याने मोजमापे घरी नेण्यासाठी पेनड्राइव्ह लावला. पेनड्राइव्ह तारेवरून येत नाही, पेटीला तो दिसण्याचे कारण नव्हते. आठवडाभराची मोजमापे गेली, ती पुन्हा घ्यावी लागली. पेटीच्या नोंदवहीत त्या दिवशी वावगे काहीच नाही. आता त्या संगणकाच्या यूएसबी खोबणी बंद आहेत आणि मोजमापे तारेवरून, पेटीच्या नजरेखालूनच बाहेर येतात.