गॅम्बल हाऊस: साधेपणा कोणाला परवडतो?

पॅसाडीनाचे गॅम्बल हाऊस म्हणजे क्राफ्ट्समन शैलीचा कळस, असे मानतात. चार्ल्स व हेन्री ग्रीन या बंधूंनी ते १९०८-०९ मध्ये 'प्रॉक्टर अँड गॅम्बल'च्या घराण्यातील डेव्हिड गॅम्बल यांच्यासाठी बांधले. यंत्राच्या मालाला विटलेल्या या शैलीचे ब्रीद होते साधेपणा आणि प्रामाणिक सुतारकाम: सांधा लपवायचा नाही, दाखवायचा.

प्रवेशदालनातले ब्रह्मदेशी सागवान वाड्यांत वाढलेल्यांना ओळखीचे वाटेल. एकही कड बोटाला टोचत नाही. मात्र सांध्यांवरच्या काळ्या, चौकोनी खुंट्या नीट पाहा. त्यांनीच लाकूड जखडले आहे असे वाटते, पण पुष्कळ खुंट्यांखाली मुकाट्याने स्क्रू बसलेला असतो! काम इतके देखणे आहे की ही लबाडी माफ. पण याला साधेपणा म्हणू नये. साबणाच्या पैशाविना तो परवडला नसता.

घराचे खरे मोठेपण मला बाहेर दिसते. रुंद वळचणी कॅलिफोर्नियाचे ऊन अडवतात, वरचे झोपायचे मोकळे सज्जे रात्रीचा वारा घेतात. इथे काहीच दिखाऊ नाही.

पुढे घर विकायचे घाटत असता एक गिऱ्हाईक आतले लाकूड पांढरे रंगवायचे म्हणाले, आणि विक्री बारगळली, असे सांगतात. १९६६ साली कुटुंबाने ते शहराला देऊन टाकले.