विहिरीचे पाणी कोणाला? : मराठी अद्भुतकथेतील सिद्धी, समाज आणि नीती

निसर्गाचे नियम ओलांडणारी शक्ती जिच्या जगात खरी मानली जाते ती अद्भुतकथा, अशी ढोबळ व्याख्या केली, तर अशा प्रत्येक कथेला एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते : ही शक्ती कोणाच्या हाती लागते आणि कोणाच्या लागत नाही? लेखकाने हा प्रश्न उघडपणे विचारला नाही तरी कथानक त्याचे उत्तर देतच राहते; कारण शक्ती जन्माने मिळत असेल तर त्या जगात घराणी आणि जाती उभ्या राहतात, विद्येने मिळत असेल तर गुरू, पाठशाळा आणि त्यांचे बंद दरवाजे उभे राहतात, आणि कृपेने मिळत असेल तर कृपा करणारा व ती मागणारा यांच्यातले नाते हाच त्या समाजाचा कणा ठरतो. जे. के. रोलिंग यांच्या १९९७ साली सुरू झालेल्या हॅरी पॉटर मालेत जादू जन्माने येते, आणि म्हणूनच शुद्ध रक्ताचा अभिमान हा त्या जगाचा मूळ रोग ठरतो. उर्सुला ले ग्वीन यांच्या १९६८ च्या पहिल्या ‘अर्थसी’ कादंबरीत वस्तूचे खरे नाव जाणणे म्हणजेच जादू असून ती रोक बेटावरच्या शाळेत शिकवली जाते. पण त्या शाळेत स्त्रियांना प्रवेश नाही, आणि स्वतःच उभारलेल्या या व्यवस्थेकडे स्त्रीच्या नजरेने पाहण्यासाठी लेखिकेने १९९० साली ‘तेहानू’ लिहिली. एन. के. जेमिसिन यांच्या २०१५ च्या ‘द फिफ्थ सीझन’मध्ये तर भूकंप आवरू शकणारी माणसेच गुलाम केली जातात, कारण ज्यांच्यावाचून चालत नाही त्यांचीच समाजाला सर्वाधिक भीती वाटते.

मराठीत या प्रश्नाचा विचार याहून कितीतरी जुना आहे, आणि त्यातील एक अत्यंत सखोल धागा आजच्या हिंगोली जिल्ह्याच्या भूमीशी, म्हणजे नर्सी आणि औंढा नागनाथ या गावांशी, बांधलेला आहे. संतचरित्रे भाविकांसाठी कल्पित नाहीत, याची पूर्ण जाण ठेवून येथे त्यांचा विचार केवळ कथारूप म्हणून केला आहे. या कथांनी अलौकिक शक्तीच्या वाटपाचा प्रश्न निर्भयपणे विचारला आणि आधुनिक मराठी अद्भुतलेखनाने तो बहुतांशी सोडून दिला, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

शब्दांतली वाटणी

अलौकिक शक्तीसाठी मराठीत जे शब्द आहेत त्यांतच समाजाची उतरंड दिसते. योग्याकडे असते ती ‘सिद्धी’, संताच्या हातून घडतो तो ‘चमत्कार’, पंडिताला येते ती ‘मंत्रविद्या’; पण तीच शक्ती गावकुसाबाहेरच्या माणसाकडे किंवा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईकडे आहे असे वाटू लागले, की तिचे नाव ‘करणी’, ‘मूठ’, ‘चेटूक’ किंवा मराठवाड्यात सर्वत्र ऐकू येणारे ‘भानामती’ असे होते. शक्तीचे स्वरूप न बदलता केवळ धारक बदलल्याने शब्द बदलतो, आणि शब्दाबरोबर न्यायही बदलतो : सिद्ध पुरुषाला पालखी मिळते, चेटकीण ठरवलेल्या बाईच्या वाट्याला मारहाण येते. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने या व्यवहाराच्या दोन्ही टोकांवर बोट ठेवले आहे, कारण चमत्काराचा दावा करून लोकांना लुबाडणे जसा त्यात गुन्हा आहे, तसाच एखादी व्यक्ती करणी करते असे जाहीर करून तिचे जगणे कठीण करणे हाही गुन्हा आहे.

कच्चे मडके आणि फिरलेले देऊळ

कयाधू नदीकाठचे नर्सी हे संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मगाव असे परंपरा मानते. ते शिंपी कुळातले, आणि त्यांच्याविषयीच्या कथांत त्यांना अलौकिकाचा जितका सहज लाभ आहे तितका क्वचितच कोणाला असेल. विठ्ठल त्यांच्या हातचा नैवेद्य खातो, त्यांच्याशी बोलतो, रुसतो आणि समजूतही काढतो. तरीही संतांच्या मेळ्यात गोरा कुंभार जेव्हा मडकी पारखण्याचे थापटणे हाती घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारू लागतात, तेव्हा कच्चे मडके ठरतात ते नामदेवच. थापटण्याचा घाव बाकीचे मुकाट्याने सोसतात आणि देवाचा लाडका मात्र चिडतो, एवढ्या छोट्या घटनेतून कथेने एक कठोर सिद्धान्त मांडला आहे : अलौकिकाशी जवळीक असणे आणि माणूस म्हणून पक्के होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीने दुसरी आपोआप येत नाही.

हे कच्चेपण घालवण्यासाठी नामदेवांना गुरू करायला सांगितले जाते आणि परंपरेनुसार ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे येतात. ‘खेचर’ म्हणजे ‘ख’मध्ये, आकाशात, संचार करणारा, म्हणजे हे नावच एका सिद्धीचे आहे; पण कथेतले विसोबा आकाशात उडत नाहीत. ते शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले असतात, आणि संतापलेल्या नामदेवांना सांगतात की जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय जिथे नेतील तिथे लिंग उगवते. चमत्कार येथे आहे, पण तो गुरूचे सामर्थ्य दाखवण्यासाठी घडत नाही. पवित्र जागा आणि अपवित्र जागा ही वाटणीच पुसून टाकण्यासाठी घडतो.

याच औंढ्याला जोडलेली दुसरी कथा देवळाच्या फिरण्याची आहे. देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना तेथून हटवले गेले, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच फिरून त्यांच्यासमोर आले, अशी ती कथा असून हीन जातीचा म्हणून देवळातून उठवले गेल्याचा आणि देऊळ फिरल्याचा उल्लेख गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झालेल्या नामदेवांच्या ६१ पदांतही येतो. औंढ्याचा गाभारा जमिनीखाली आहे; अरुंद पायऱ्या उतरून, अंग चोरून आत जावे लागते आणि एका वेळी मोजकीच माणसे तेथे मावतात. देवळामागच्या मोकळ्या जागेला अशी मर्यादा नाही. गाभाऱ्याचे दार नामदेवांसाठी उघडले, असे ही कथा सांगत नाही. बाहेर ठेवलेली माणसे जिथे बसली आहेत त्या जागेलाच ती देवळाची पुढची बाजू करते. ज्या कथेत वगळलेला नायक शेवटी आत घेतला जातो त्या कथेहून हे कितीतरी धाडसाचे आहे, कारण आत घेणाऱ्याचा अधिकारच येथे उरत नाही.

विहीर आणि परीस

अलौकिक शक्ती आणि समाज यांच्यातले नाते सर्वांत स्पष्ट करणारी कथा ज्ञानदेव आणि नामदेव यांच्या तीर्थयात्रेतली आहे. मारवाडच्या वाळवंटात दोघांना तहान लागते, विहीर सापडते, पण ती फार खोल असते आणि दोर-पोहरा जवळ नसतो. ज्ञानदेव ‘लघिमा’ या सिद्धीचा, म्हणजे योगशास्त्राने सांगितलेल्या आठ सिद्धींपैकी देह हलका करण्याच्या शक्तीचा, उपयोग करून खाली उतरतात, पाणी पितात आणि नामदेवांसाठीही आणू का असे विचारतात. नामदेव नको म्हणतात आणि विठ्ठलाचा धावा करतात. विहीर तळापासून उसळून काठोकाठ भरते आणि वाहू लागते. दोन्ही चमत्कार तहान भागवतात, पण एक शक्ती कमावणाऱ्यापुरती राहते आणि दुसरी वाटेवर वाहते. पतंजलीच्या योगसूत्रांनीही सिद्धींना समाधीतले विघ्न म्हटले आहे. तेथे मात्र काळजी साधकाच्या मुक्तीची आहे. वारकरी कथेने ती काळजी तहानलेल्या इतरांपर्यंत नेली, हे तिचे वेगळेपण.

महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तिविजया’त आलेली परिसाची कथा हाच प्रश्न घरातल्या चुलीपर्यंत आणते. परीस म्हणजे लोखंडाचे सोने करणारा दगड. परिसा भागवतांच्या घरी तो आहे, आणि त्यांच्या पत्नीकडून तो नामदेवांची पत्नी राजाई काही काळापुरता घरी आणते. घरातल्या लोखंडाचे सोने होते, बऱ्याच दिवसांनी दाणागोटा येतो. नामदेव हे पाहून परीस चंद्रभागेत टाकतात. परिसा भागवत चोरीचा आळ घेतात, तेव्हा नामदेव नदीत हात घालून ओंजळभर खडे काढतात आणि त्यातला प्रत्येक खडा परीस निघतो. टोल्किन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधली (१९५४–५५) अंगठी दुष्ट आहे म्हणून नष्ट करावी लागते, परीस दुष्ट नाही, तो फक्त एकाच्या मालकीचा आहे. नदीतला प्रत्येक खडा परीस असेल तर सोन्याला किंमत उरत नाही आणि परिसाच्या मालकालाही मोठेपण उरत नाही. मात्र या कथेत राजाईची भूकही खरी आहे, आणि ती कोणत्याही खड्याने भागत नाही. स्त्रीच्या कष्टाचा हा प्रश्न कथेने उभा केला आणि अर्धवट सोडला, हेही समीक्षेने नोंदवले पाहिजे.

खुलभर दूध आणि शाबरी मंत्र

श्रावणातल्या सोमवारी घरोघर वाचल्या जाणाऱ्या कहाण्यांपैकी खुलभर दुधाची कहाणी याच परंपरेतली आहे. देवाचा गाभारा दुधाने भरावा म्हणून राजा गावातले सगळे दूध आणवतो. दवंडी पिटली जाते, लेकरे आणि वासरे उपाशी राहतात आणि गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी मुलाबाळांना दूध देते, वासरांना पाजते, घरच्या सगळ्यांना तृप्त करते आणि उरलेले खुलभर, म्हणजे लहानशा भांड्यातले, दूध घेऊन देवळात जाते. तेवढ्याने गाभारा भरतो. येथे शक्ती जन्माने, विद्येने किंवा कृपेच्या लहरीने येत नाही. सर्वांना पोटभर मिळाल्यानंतर जे उरते त्यातच ती असते. राज्यव्यवस्थेची इतकी नेमकी चिकित्सा इतक्या थोड्या शब्दांत करणारी गोष्ट शोधूनही सापडणे कठीण आहे.

नाथपंथाच्या कथांनी विद्येच्या अंगाने हाच विचार केला. धुंडीसुत मालू यांच्या १८१९ मधील ‘नवनाथ भक्तिसार’ या ४० अध्यायांच्या ग्रंथात मच्छिंद्रनाथ शाबरी विद्या, म्हणजे संस्कृताबाहेरच्या लोकभाषेतल्या मंत्रांची विद्या, सिद्ध करतात आणि त्यासाठी देवदेवतांशी झुंज घेऊन त्यांची संमती मिळवतात. अधिकाराचे मंत्र ज्यांच्यासाठी बंद होते त्यांच्या भाषेत मंत्र आणणे हा या कथेचा गाभा आहे. याच ग्रंथात गोरक्षनाथ गुरूच्या झोळीतली सोन्याची वीट फेकून देतात आणि गुरू हळहळल्यावर अख्खा गर्भगिरी डोंगर सोन्याचा करून दाखवतात. चंद्रभागेतल्या खड्यांचाच हा दुसरा अवतार आहे.

आजचे चित्र

छापखान्याच्या काळात मराठी अद्भुताचे रूप बदलले. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी वाचकांना भुलवले. पण त्यांतले अद्भुत नायक-नायिकांच्या भेटीगाठींच्या सोयीसाठी होते. वि. का. राजवाडे यांनी ‘कादंबरी’ या १९०२ च्या निबंधात अद्भुत आणि वास्तव यांचा कस लावला, ह. ना. आपटे यांच्या कादंबऱ्यांनी वास्तवाला प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि त्यानंतर गंभीर साहित्याने सामाजिक प्रश्न वास्तवाकडे सोपवले व अद्भुताकडे भय आणि बालरंजन एवढेच ठेवले.

या वाटणीतही काही मोलाचे घडले, हे नाकारता येत नाही. नारायण धारपांनी मराठी भयकथेला स्वतंत्र वाचकवर्ग दिला. पण त्यांचा समर्थ हा साधनेने सामर्थ्य मिळवलेला रक्षक असून तो संकटातल्या माणसांना सोडवतो, ती माणसे त्या सामर्थ्याची वाटेकरी होत नाहीत, म्हणजे ज्ञानदेवांप्रमाणे पाणी वर आणून दिले जाते आणि विहीर खोलच राहते. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांना आवडली, परंतु बाईच्या हातची शक्ती म्हणजे चेटूक, हा जुना शब्दन्याय त्या नाटकातही तसाच राहिला. धारपांच्या कथेचे बीज घेऊन राही अनिल बर्वे यांनी केलेला २०१८ चा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट मात्र वाटपाच्या प्रश्नाला थेट भिडतो : हस्तर या शापित देवाकडून सोन्याच्या मोहरा मिळवण्याची रीत बाप मुलाला गुपित म्हणून शिकवतो, आणि खासगी परीस घराण्याला आतून कसा कुरतडतो हे दिसत जाते. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने (१९६७) कर्णाला मराठी घराघरांत नेले, आणि कुळ लपवून ब्रह्मास्त्र मिळवणाऱ्या, पण ऐनवेळी ते विसरण्याचा शाप घेऊन परतणाऱ्या त्या शिष्याच्या कथेत विद्येचे बंद दार पुन्हा दिसले; तरी त्या दारापाशी मराठी अद्भुतकथा फार काळ थांबली नाही.

याचे एक कारण समजण्यासारखे आहे. ज्या महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, तेथे अलौकिकाची गोष्ट लिहिणाऱ्या जबाबदार लेखकाला आपण अंधश्रद्धेला खतपाणी तर घालत नाही ना, ही शंका येणे स्वाभाविक आणि सन्माननीय आहे. पण बुवाबाजी आणि अद्भुतकथा यांत मूलभूत फरक आहे : बुवा शक्ती खरी असल्याचे सांगून ती कोणाकडे आहे हा प्रश्न बंद करतो, तर चांगली अद्भुतकथा शक्ती कल्पित असल्याचे मान्य करून तोच प्रश्न उघडते. खुलभर दुधाची कहाणी ऐकून कोणी दुधाने गाभारा भरायला निघत नाही. मात्र राजाच्या दवंडीने कोणाचे वासरू उपाशी राहिले, हे ऐकणाऱ्याला कळते. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने पहिली हॅरी पॉटर कादंबरी मराठीत आली तेव्हा परीस हा शब्द नव्या पिढीला मिळाला. त्या शब्दामागची चंद्रभागा तिच्यापर्यंत पोहोचवणे हे मराठी लेखकांचेच काम आहे.

त्यासाठी नवे जादूशास्त्र शोधण्याची गरज नाही. ज्ञानदेवांनी देऊ केलेले पाणी घेतले असते तर नामदेवांची तहान नक्कीच भागली असती, आणि कथा दोन तृप्त प्रवाशांपाशी संपली असती. त्यांनी ते घेतले नाही, म्हणून त्यांच्यामागून त्या वाटेने येणाऱ्या, कोणतीही सिद्धी नसलेल्या वाटसरूलाही नुसते वाकून, स्वतःच्या ओंजळीने, त्या विहिरीचे पाणी पिता आले.