असं पार्टिशन नाही

"हे काय म्हणायलंय बघ जरा," काका फोनवर म्हणाले. "काळी स्क्रीन आलीय. वर लिहिलंय, एरर, नो सच पार्टिशन. आपलं पार्टिशन कुठं झालंय अजून?"

शाहूपुरीत 'पार्टिशन'चे दोन अर्थ चालतात. एक, दुकानातला प्लायवूडचा आडोसा, ज्याच्या मागे काकांचं टेबल, गल्ला आणि देव्हारा आहे. दुसरा, भावाभावांतली वाटणी, जी बहुतेक वेळा कोर्टाच्या तारखांवर जगते. आमच्या घरात ती अजून झालेली नाही. त्यामुळे त्या सकाळी लॅपटॉपने सांगितलेली गोष्ट काकांच्या दृष्टीने खरीच होती. फक्त ती लॅपटॉपला कशी कळली आणि त्यात एरर काय आहे, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

मी हसलो. मग दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. आपल्याकडे कवितेची समीक्षा होते, अनुवादाची होते, सरकारी परिपत्रकांच्या मराठीची यथेच्छ टिंगल होते. पण यंत्र बंद पडतं तेव्हा ते आपल्याशी ज्या भाषेत बोलतं, तिला कुणी मजकूर म्हणून वाचत नाही. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणजे असले संदेश लिहिणाऱ्यांपैकीच एक आहे. तेव्हा ही समीक्षा थोडी स्वतःचीही आहे.

आधी पार्श्वभूमी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. काकांचा लॅपटॉप जुना, विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप त्यात नाही. काकांचं दुकान शेतीपंपाच्या सुट्या भागांचं. बिलाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, म्हणून विंडोज ठेवलं आणि दिवाळीला आलो तेव्हा शेजारी लिनक्स टाकलं. इन्स्टॉलरच्या यादीत 'मराठी' दिसलं आणि मी मोठ्या अभिमानाने ते निवडलं. मेन्यू मराठी, तारखा मराठी, ब्राउझरमध्ये 'वाचनखूण'. काकांना तो शब्द आवडला. आपण इंग्रजीत अडखळतो याची लाज त्यांना दुकानात कधी वाटत नाही, लॅपटॉपसमोर वाटते, हे मला माहीत होतं. आता ती वाटणार नाही, असं मी गृहीत धरलं.

पुढे कधीतरी माझ्या चुलतभावाने विंडोजमधून एक रिकामा ड्राइव्ह उडवला. जागा मोकळी व्हावी म्हणून. त्याचं काही चुकलं नाही, कुणीही उडवला असता. पण जुन्या पद्धतीच्या विभागणीत डिस्कच्या आतल्या भागांना ओळीने नंबर मिळतात, पाचपासून पुढे. रिकामा ड्राइव्ह होता पाचवा, लिनक्स होतं सहावं. पाचवा गेला तसा सहाव्याचा नंबर पाच झाला. घर तिथंच, माणसं तीच, पाटी बदलली. आणि चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा ग्रब नावाचा कार्यक्रम मात्र पत्त्यात 'सहा' लिहून बसला होता.

हे शाहूपुरीच्या माणसाला समजावणं सोपं आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी ही पेठ वसवली, आणि इथल्या गल्ल्यांना अजून नंबरच आहेत: पहिली गल्ली, दुसरी, तिसरी. उद्या महापालिकेने मधली एक गल्ली कागदावरून काढून पुढच्या सगळ्यांचे नंबर एकेकाने कमी केले, तर हमाल माल घेऊन सहाव्या गल्लीत उभा राहील आणि म्हणेल, असली गल्लीच नाही. त्याचं वाक्य त्याच्यापुरतं बरोबर असेल. आपल्याला राग कशाचा येईल? तो तिथंच थांबला याचा. दुकानाचं नाव घेऊन शेजारी विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

नेमका हाच दोष 'नो सच पार्टिशन'मध्ये आहे. 'असं पार्टिशन नाही' म्हणताना 'असं' म्हणजे कसं, ते वाक्य सांगत नाही. शोधत काय होता? सहावं. मिळालं काय? पहिलं, दुसरं, पाचवं. या दोन गोष्टी ग्रबला त्या क्षणी समजण्यासारख्या असतात. शोधलेल्याचा नंबर त्याच्याकडे आहे, सापडलेल्यांची यादी तो मागितल्यावर देतो. वाक्यात मात्र दोन्ही नाहीत, नुसता नकार आहे.

आता संदेश लिहिणाऱ्याची बाजू मांडतो, कारण ती खरोखर मजेशीर आहे. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर सुरुवातीच्या कार्यक्रमाला मिळणारी जागा ४४६ बाइट. एवढ्यात काम करायचं आणि बिघाड झाला तर बोलायचंही. ग्रबच्या आधी लिलो नावाचा असाच कार्यक्रम होता. त्याने या टंचाईतून एक अफलातून युक्ती काढली. चालू होताना तो स्वतःचं नावच एकेक अक्षर करून छापायचा: एल, आय, एल, ओ. एक टप्पा पार पडला की एक अक्षर. पडद्यावर नुसतं 'एल' आणि पुढे एखादा आकडा आला, तर दुसरा टप्पा डिस्कवरून उचलताच आला नाही. 'एलआय'वर थांबला, तर उचलला पण चालवता आला नाही. चारही अक्षरं आली की सगळं ठीक. २०१५ च्या डिसेंबरात लिलोचं काम थांबलं. मी तो कधी स्वतः वापरलेला नाही, तरी यंत्राने लिहिलेल्या मजकुरात मला याच्याइतकं नेमकं काही आठवत नाही. स्वतःचं नाव पूर्ण उच्चारता येणं हीच तब्येत ठीक असल्याची खूण, आणि जिथं जीभ अडखळली तिथंच दुखणं.

म्हणजे जागा कमी असणं हे वाईट लिहिण्याचं कारण होऊ शकत नाही. शिवाय ज्या वाक्यामुळे काका अडले, ते त्या ४४६ बाइटांत नसतंच. ते असतं त्याच्यानंतरच्या तुकड्यात, ज्याला जुन्या मांडणीतही साधारण ३१ किलोबाइट जागा मिळायची. तिथं एक आकडा मावला असता.

मराठीत हे वाक्य आलं असतं तर? 'नो सच पार्टिशन' १७ बाइटांत बसतं; 'असं पार्टिशन नाही' युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत ४७ बाइट घेतं, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, अगदी काना-वेलांटीलाही, तीन बाइट लागतात. पण खरी अडचण पुढची आहे. ग्रबचे अनुवाद ठेवलेले असतात त्याच्या फोल्डरमध्ये, आणि ते फोल्डर असतं त्याच पार्टिशनवर, ज्याचा पत्ता हरवलाय. दुभाष्या त्याच घरात राहतो, जे सापडत नाही. ते सापडलं असतं तर दुभाष्याची गरजच पडली नसती.

पुढच्या टप्प्यावर तरी? तिथं लिनक्सचा काळा कन्सोल असतो. त्याच्या अक्षरसंचात जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात, आणि प्रत्येक अक्षर आपापल्या चौकोनात सुटं बसवलं जातं. 'कि'मधली वेलांटी उच्चारात 'क'नंतर येते आणि कागदावर त्याच्या आधी, 'र्क'मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, हे त्या चौकोनांना माहीत नाही. लोहित नावाचे फॉन्ट २००४ मध्ये रेड हॅटने मुक्त केले. ते मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले. लिनक्सच्या डेस्कटॉपवर मराठी वाचता येते यामागे अशा कामांचे फार मोठे उपकार आहेत. मात्र ही सगळी मेहनत डेस्कटॉपपर्यंतची. चित्रमय पडदा उगवला की मराठी सुरू. त्याच्या आधी बिनसलं तर इंग्रजी, आणि तीही तुटक.

मी काकांना 'मराठी लॅपटॉप' दिला नव्हता. सगळं सुरळीत असतानाच मराठी बोलणारा लॅपटॉप दिला होता. हे मला इंजिनिअर असून कळलं नव्हतं, असं म्हणता येणार नाही. कळलं होतं, पण ते कुणाच्या तरी वाट्याला येईल असा विचार केला नव्हता.

तरी भाषा बदलली की प्रश्न सुटला, असंही मला वाटत नाही. मराठी अनुवादांत पार्टिशनला 'विभाजन' म्हणतात. विभाजन ही क्रिया झाली. डिस्कवर असतो तो भाग. 'असे विभाजन नाही' हे काकांना ऐकवलं तर त्यांना वाटणीच आठवेल, फक्त जास्त सरकारी आवाजात. मला विचाराल तर 'कप्पा' म्हणावं. कपाटाला कप्पे असतात, कप्प्यांना नंबर देता येतात, आणि कप्पा सापडत नसला तरी कपाट जळालेलं नाही हे ऐकणाऱ्याला आपोआप समजतं.

त्या पडद्यावर दुसरं वाक्यही होतं: 'एंटरिंग रेस्क्यू मोड'. २०१९ च्या महापुरानंतर 'रेस्क्यू' हा कोल्हापुरात घरगुती शब्द आहे. रेस्क्यू म्हणजे बोट येते, बोटीतली माणसं हात देतात. काकांनीही तसंच वाचलं. "रेस्क्यू करायलंय म्हणतंय, म्हणून अर्धा तास थांबलो," ते म्हणाले. पण इथं बोट येत नाही. पडद्यावर दोन शब्द आणि शेजारी लुकलुकणारी खूण असते. वाचवायचं आपण, यंत्राला. आणि हाताशी आज्ञा फक्त चार: यादी दाखव, किंमत ठरव, किंमत पूस, तुकडा जोड. त्या चार कोणत्या हेही लिहिलेलं नसतं. 'हेल्प' टाइप केलं तर उत्तर येतं की अशी आज्ञा माहीत नाही. मदत मागितल्यावर 'मदत' हा शब्दच माहीत नाही म्हणणं एखाद्या कथेत आलं असतं तर आपण त्याला ओढूनताणून म्हटलं असतं.

याच्या उलट उदाहरणही देतो, नाहीतर मी सरसकट झोडपतोय असं व्हायचं. आणखी खोल बिघडलं की 'कर्नेल पॅनिक' येतो, त्यालाच जोडून 'नॉट सिंकिंग'. कॉलेजात मला ते शब्द निरर्थक वाटायचे. अर्थ असा: माझ्या आत काय चाललंय याचा मलाच भरवसा उरलेला नाही, म्हणून डिस्कवर आता मी काहीही लिहिणार नाही, लिहिलं तर तुमचं आहे तेही बिघडवेन. घाबरलेल्या अवस्थेत हात मागे घेण्याची ही शुद्ध मला आवडते. पण ती दोन शब्दांत इतकी मिटून ठेवलीय की ज्याच्यासाठी आहे त्याला दिसतच नाही. २०२४ पासून या प्रसंगी रंगीत पडदा आणि पुढे क्यूआर कोडही दाखवायची सोय आली. फोन धरा, नोंदी मिळतील. फोनवर मराठी सुंदर दिसते. नोंदी मात्र त्याच.

आखूड, सांकेतिक भाषेचं काकांना वावडं नाही, हे इथं सांगायला हवं. कुणी काउंटरवर '६२०४' म्हटलं की ते न बघता मागच्या खणात हात घालतात. बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे पाचने गुणले की आतला व्यास निघतो, शून्य चार म्हणजे वीस मिलिमीटर. यात इंग्रजी कुठंच नाही, मराठीही नाही. पण तो संकेत त्यांना कुणीतरी शिकवलाय, तक्ता भिंतीवर आहे, आणि विसरलं तर शेजारचा दुकानदार सांगतो.

त्या सकाळी भिंतीवरचा तक्ता मीच होतो, पुण्यातून. काकांनी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, त्यात फ्लॅशचा गोळा आणि त्यांची बोटं. मग फोन स्पीकरवर ठेवला.

"एल, एस. एंटर."

"कंस आले. एचडी शून्य. मग एचडी शून्य स्वल्पविराम एमएसडॉस पाच. मग दोन, मग एक."

"सहा आहे का?"

"नाही. सहा नाही."

मग एकेका कप्प्यात डोकावून बघायचं ठरलं. "काका, आता एल एस, जागा सोडा, कंस..." पहिल्याला उत्तर आलं की फाइल सिस्टिम अनोळखी आहे. "अननोन म्हणायलाय." दुसऱ्यालाही तेच. पाचव्याला काका एकदम गप्प झाले. मग हळूहळू वाचायला लागले, "बूट... ईटीसी... होम. होम आहे बघ इथं!"

पुढच्या तीन ओळींना वीस मिनिटं गेली, त्यातली पाच एका तिरक्या रेघेत. उलटी तिरकी रेघ आणि सुलटी तिरकी रेघ हा फरक फोनवर समजावून बघा एकदा. ग्रबला पत्ता 'पाच' आहे असं सांगितलं, हरवलेला तुकडा जोडला, आणि मेन्यू आला. त्यातून लिनक्स सरळ सुरू झालं, कारण पुढच्या सगळ्या नोंदी नंबरावर अवलंबून नसून प्रत्येक पार्टिशनच्या कायमच्या ओळखखुणेवर असतात. मग एक आज्ञा देऊन ग्रब नव्याने बसवला.

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा प्लायवूडच्या पार्टिशनवर, कॅलेंडरच्या खाली, बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर काकांचं अक्षर होतं. मी सांगितलं होतं की आता याची गरज नाही. कागद तिथंच आहे.

"काळी स्क्रीन आली तर घाबरू नये. माल आत आहे. एल एस एंटर. होम कुठल्या गल्लीत आहे ते बघणे. सेट प्रीफिक्स बरोबर कंस एचडी शून्य स्वल्पविराम एमएसडॉस (गल्ली नंबर बघून घालणे) कंस पुरा. सुलटी रेघ बूट सुलटी रेघ ग्रब. इन्समॉड नॉर्मल. नॉर्मल."