भूपाची शाल

आमच्या सौभाग्यवतींनी राग भूप विणायला घेतला. आईला हल्ली ऐकू येत नाही. आयुष्यभर गुणगुणलेला राग तिला निदान पांघरता यावा, ही कल्पना. भूपात मध्यम-निषाद वर्ज्य, म्हणून लोकरीचे गुंडेही पाचच. सा पांढरा, रे हिरवा, ग केशरी, प निळा, ध जांभळा. आरोह सुलट टाक्यांचा, अवरोह उलट टाक्यांचा.

शाल पुरी झाली आणि माझ्यातला समीक्षक जागा झाला. रंगसंगती सुरेख, वीण घट्ट. पण मी पडलो कॉमर्सचा, शिवाय अंबडच्या बँकेतला कारकून! पट्टे मोजले. केशरी नऊ, जांभळे चौदा. भूपाचा वादी गंधार. मान धैवताला दिला, की त्याच पाच स्वरांचा देशकार होतो. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. सबब, ही शाल संध्याकाळी पांघरणं शास्त्राला धरून नाही, असा शेरा मी मारला.

"अहो, केशरी लोकर संपली होती," सौ. म्हणाली. "थंडी काय दुकानदारासाठी थांबते? एवढं खुपत असेल तर उसवा तुम्हीच."

तेवढ्यात आईने रंगांचा तक्ता डोळ्यांजवळ धरला. मग पट्ट्यांवरून बोट फिरवत ती ओठ हलवू लागली. जांभळ्यापाशी थबकली, हसली.

"सूनबाई, देशकार झालाय गं! असू दे. नाशिकची खरी थंडी पहाटेचीच."

माझा शेरा मी मुकाट्याने खोडला.