वेगळा नंबर, म्हणजे शत्रू

अनरिअल इंजिन हे आज गेम बनवणाऱ्यांचं सगळ्यात ओळखीचं हत्यार. त्याच्या सोर्स कोडमध्ये, पात्रांनी एकमेकांकडे कसं बघायचं हे ठरवणारी एक छोटी यादी आहे. तिच्यात तीनच शब्द : फ्रेंडली, न्यूट्रल, होस्टाइल. पात्रांना टीम नंबर देता येतात. नंबर असलेली दोन पात्रं समोरासमोर आली आणि डेव्हलपरने वेगळं काही सांगून ठेवलेलं नसेल, तर इंजिन एका ओळीत निवाडा करतं. नंबर सारखा, तर मित्र. नंबर वेगळा, तर शत्रू. मधला पर्याय हवा असेल तर त्याचा कोड तुम्ही बसून लिहायचा.

यात कटकारस्थान काही नाही. रोज कोड लिहिणारा कुणीही सांगेल की डीफॉल्ट म्हणजे सगळ्यात जास्त वेळा लागणारी व्हॅल्यू. पण म्हणूनच ती ओळ मला महत्त्वाची वाटते. परग्रहावर उतरून गोळ्या झाडायच्या गेम्समध्ये मी आयुष्यातले इतके तास घातलेत की आकडा घरी सांगणार नाही. तो 'शत्रू ग्रह' नेमका कशामुळे शत्रू असतो, हा प्रश्न त्या गेम्सना विचारायला हवा, कारण बहुतेक जण तो स्वतःहून विचारत नाहीत.

परग्रहवासी या धंद्यात आले ते मुळात नैतिक अडचणीतून वाट काढायला. १९७८ साली तैतो या जपानी कंपनीत तोमोहिरो निशिकादो 'स्पेस इनव्हेडर्स' बनवत होता. माणसांवर गोळ्या झाडणं कंपनीला बरं दिसेना. मग निशाण्यावर एच. जी. वेल्सच्या मंगळवासीयांचे दूरचे नातेवाईक आले, ऑक्टोपससारखे. पडद्यावर ५५ आकृत्या. त्या जसजशा मरत, तसतसं हार्डवेअरला काढायचं चित्र कमी होई आणि उरलेल्या आकृत्या जोरात पळू लागत. निशिकादोने ते तसंच ठेवलं, कारण त्यात मजा होती. एक नैतिक पळवाट आणि एक हार्डवेअरची मर्यादा, यावर हा अख्खा प्रकार उभा आहे. परग्रहवासी मारायला सोपा, कारण त्याचा कुणी नातेवाईक आपल्या ओळखीचा नाही.

वीस वर्षांनी, १९९८ मध्ये, 'अनरिअल' नावाचाच गेम आला (इंजिनला नाव त्याच्यावरूनच मिळालं). त्यात आपण कैदी. कैद्यांचं जहाज ना पाली नावाच्या ग्रहावर कोसळतं. तिथे स्कार्ज नावाचे आक्रमक आहेत आणि त्यांनी गुलाम केलेले, चार हातांचे, देवभोळे नाली. नालीला तुम्ही मारू शकता, गेम अडवत नाही. पण मारलं नाहीत, तर एखादा नाली तुम्हाला हळूच मागे यायची खूण करतो आणि लपवलेल्या सामानापाशी नेतो. थोडक्यात, त्या ग्रहावर तिसऱ्या प्रकारचं कुणीतरी राहत होतं. पुढच्या पंचवीस वर्षांतल्या बऱ्याच शूटर्समध्ये हे तिसरं कुणी मला दिसत नाही.

आता 'हेलडायव्हर्स २'. स्वीडनच्या ॲरोहेड स्टुडिओचा हा गेम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला आणि इतके लोक तुटून पडले की सर्व्हर बसले. भविष्यातली पृथ्वी म्हणजे 'सुपर अर्थ', तिची 'नियंत्रित लोकशाही', आणि ती लोकशाही आकाशगंगेत पसरवायला तोफगोळ्यासारख्या कॅप्सूलमधून ग्रहांवर डागलेले आपण. चार जणांची तुकडी. तोफखाना, बॉम्ब, जादा दारूगोळा, जे हवं ते बाणांच्या कळा ठरावीक क्रमाने दाबून मागवायचं. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, वर : मेलेल्याच्या जागी नवा सैनिक. अंगावर राक्षसी किडे चालून येत असताना हा क्रम चुकवणं आणि पुन्हा सुरुवात करणं, यात जी गंमत आहे ती लिहून सांगता येणार नाही.

सगळ्यांना माहीत आहे की हा उपहास आहे. रॉबर्ट हाइनलाइनची 'स्टारशिप ट्रूपर्स' १९५९ ची. पॉल व्हरहोवनने १९९७ मध्ये तिच्यावर सिनेमा काढताना तिचीच टर उडवली, आणि अनेकांना ती टर आहे हेच कळलं नाही. 'हेलडायव्हर्स २' त्या सिनेमाचा सख्खा वारसदार. यातले किडे, म्हणजे टर्मिनिड, इंधनासाठी पाळले जात होते, तिथून ते सुटले. त्या इंधनाचं नाव ई-७१०. ७१० हा आकडा इंग्रजीत लिहून कागद उलटा धरा, ऑइल दिसेल. स्टुडिओने विनोद लपवलेला नाही, फक्त उलटा टांगलाय.

आणि काही ठिकाणी हा उपहास नियमांच्याही आत शिरतो. तुमच्या गोळीने तुमचाच सोबती मरतो, ते बंद करायची सोय नाही. चौघांच्या तुकडीला वीस बदली सैनिक मिळतात, आणि त्यातला प्रत्येक जण वेगळा माणूस असतो. मघाशी मेलेला 'मी' परत येत नाही, दुसरा कुणीतरी येऊन त्याच्या प्रेतावरून त्याची बंदूक उचलतो. कामगिरी फत्ते झाली की झाली. परतीच्या विमानात कुणी चढलं की नाही याने जय-पराजय ठरत नाही. सैनिकाची किंमत काय, हे इथे कुणी भाषण देऊन सांगत नाही. ते बोटांना कळतं. हा भाग मला फार आवडतो.

पण मग किडे? त्यांच्याबाबतीत हा गेम हात झटकतो. सुपर अर्थचं सरकार सांगतं की टर्मिनिड निर्बुद्ध, क्रूर आणि आपल्या मुळावर उठलेले आहेत. गेम डोळा मारून सुचवतो की हा प्रचार आहे, विश्वास ठेवू नका. ठीक. मी ग्रहावर उतरतो. तिथे मला दिसलेला प्रत्येक टर्मिनिड मला पाहताच अंगावर येतो. तो घाबरून पळत नाही. मी अंतर राखलं तर तोही राखेल असं होत नाही. प्रचार खोटा आहे असं गेम तोंडाने म्हणतो आणि त्याचे नियम प्रचारातला शब्द न् शब्द खरा करून दाखवतात. ज्या उपहासात सरकारचा दावा तपासायची सोयच ठेवलेली नाही, तो उपहास सरकारला फार जड जात नाही.

यावर एक उत्तर असतं : हेच तर व्यंग आहे, आपण प्रचाराच्या आत राहून बघतोय. उत्तर हुशार आहे. पण ते खरं असतं तर कुठेतरी एक चीर दिसली असती. एखादा किडा बाजूला झाला असता.

आम्ही चौघं कॉलेजपासूनचे मित्र. दोघं पुण्यात, एक बेंगळुरूला, एक डब्लिनमध्ये, आणि गुरुवारी रात्री हेडफोन लावून आम्ही लोकशाही पसरवतो. घोषणा द्यायच्या हा ठरलेला खेळ. पहिले काही महिने त्या घोषणा नाटकी आवाजात येत. मग आवाजातलं नाटक कमी झालं, कारण दर आठवड्याला नाटक करायचा कंटाळा येतो, आणि घोषणा तेवढ्या उरल्या. एका रात्री विमानाची वाट बघताना बातम्यांचा विषय निघाला आणि आमच्यातल्या एकाने टीव्हीवर दिसलेल्या खऱ्याखुऱ्या जमावाला सहज 'बग्ज' म्हटलं. दोघं हसले, एक गप्प झाला. पुढचं मिशन सुरू झालं.

गेम खेळून माणसं हिंसक होतात, हा जुना आरोप मी करत नाहीये. आमचा तो मित्र झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढतो. माझा मुद्दा समीक्षेचा आहे. एखादी कलाकृती एक शब्द विनोद म्हणून हातात ठेवते, तेव्हा विनोद संपल्यावर त्या शब्दाचं काय होतं, हा तिच्या कारागिरीचा प्रश्न असतो. 'हेलडायव्हर्स २'ने सैनिकाच्या बाजूने तो प्रश्न सोडवलाय. किड्याच्या बाजूने नाही.

गंमत म्हणजे खेळणाऱ्यांना संधी दिली तर ते निवडतात. २०२४ मध्ये एका मोहिमेत पर्याय होता : एका ग्रहावर अडकलेल्या लहान मुलांना सोडवा, किंवा दुसरा ग्रह जिंकून रणगाडाविरोधी सुरुंग मिळवा. जगभरच्या खेळाडूंनी मुलं निवडली आणि सुरुंगांवर पाणी सोडलं. स्टुडिओने त्यानिमित्ताने 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेला देणगीही दिली. म्हणजे लोक तयार आहेत. अर्थात ती मुलं सुपर अर्थची होती, आपल्याच टीम नंबरची.

डेन्मार्कच्या घोस्ट शिपचा 'डीप रॉक गॅलॅक्टिक' (२०२०) यापेक्षा कितीतरी साधा आणि माझ्या मते जास्त प्रामाणिक आहे. हॉक्सेस ४ नावाचा ग्रह, दाढीवाले बुटके खाणकामगार, आणि कंपनीला हवं असलेलं मॉर्काइट. ग्रह धोकादायक का? कारण आपण तो पोखरतोय. इथे देशभक्तीचा आव नाही, शिफ्ट आहे. काम झाल्याचं बटण दाबलं की पाच मिनिटांनी यान सुटतं, तुम्ही पोचा न पोचा. शिवाय इथे लूटबग आहेत : लठ्ठ, संथ, निरुपद्रवी अळ्या. त्यांना फोडलं की पोटातून सोनं आणि नायट्रा निघतं, आणि ८० नायट्रा जमल्याशिवाय दारूगोळा मागवता येत नाही. पण लूटबगला कुरवाळताही येतं. एक कळ दाबली की बुटका वाकून त्याला थोपटतो. गेम यावर काही बोलत नाही. गोळ्या संपत आल्यात, नायट्रा ७० आहे, आणि समोर अळी आनंदाने घरंगळतेय. या एका क्षणात जे होतं ते मला 'हेलडायव्हर्स'च्या शंभर घोषणांपेक्षा खरं वाटतं. आम्ही बहुतेक वेळा आधी थोपटतो आणि मग फोडतो, हे आमच्याबद्दल काय सांगतं ते तुम्ही ठरवा.

'रिटर्नल'बद्दल माझं मत मिश्र आहे, आणि ते मांडायला थोडी जागा लागेल. हेलसिंकीच्या हाऊसमार्कचा हा गेम एप्रिल २०२१ चा. सेलीन नावाची अंतराळवीर ॲट्रोपोस ग्रहावर कोसळते. बाहेर पडल्यावर तिला एक प्रेत सापडतं. तिचंच. ती मरते आणि पुन्हा कोसळण्यापासून सुरुवात होते, ग्रहाची रचना बदललेली असते. खेळायला हा गेम अप्रतिम आहे. शत्रूंच्या गोळ्या रंगीत माळांसारख्या अंगावर येतात आणि आपण त्यांच्यामधून अक्षरशः नाचत सुटतो. पावसात भिजलेलं ते जंगल हेडफोन लावून ऐकावं.

या जंगलातच एक घर उभं आहे. विसाव्या शतकातलं, सेलीनचं. तिथून कळू लागतं की ॲट्रोपोसचं शत्रुत्व बाहेरून आलेलं नाही. एक गाडी, एक अपघात, आई, मूल, अपराधीपणा. ग्रह म्हणजे तिचं मन. या उलगड्याचं खूप कौतुक झालं आणि पहिल्यांदा माझ्याही अंगावर काटा आला. दुसऱ्यांदा खेळताना मात्र माझं लक्ष भिंतींकडे गेलं. ॲट्रोपोसवर एक संस्कृती होती. तिचे शिलालेख जागोजागी आहेत, आणि तिच्या लिपीच्या खुणा जमवत गेलं की ते टप्प्याटप्प्याने उलगडतात : आधी तुटक शब्द, मग वाक्यं. एक समाज, त्याला लागलेली मुक्तीची ओढ, त्यात पडलेली फूट. किती सुंदर कल्पना आहे ही! मरत मरत एक भाषा शिकायची. आणि त्या भाषेत काय हाती येतं? शेवटी पुन्हा सेलीनच. कुणाचा तरी अख्खा इतिहास एका परक्या बाईच्या दुःखाची उपमा म्हणून वापरला गेला. मारण्यासाठी परग्रहवासी वापरणं निदान सरळ होतं. इथे त्यांचं अस्तित्वच काढून घेतलंय, आणि तेही फार हळुवारपणे.

मग बरं कोण करतं? माझं उत्तर जुनं आहे : रेट्रो स्टुडिओजचा 'मेट्रॉइड प्राइम', २००२. (२०२३ मध्ये तो स्विचवर नव्याने आला, तरुण मंडळींनी तिथे खेळावा.) टॅलॉन ४ नावाचा विषबाधा झालेला ग्रह, चिलखतातली सॅमस आरान, आणि तिच्या हेल्मेटमधला स्कॅन व्हायजर. तो लावला की हातातली तोफ बाजूला होते. गोळी झाडायला कळ दाबलीत तर व्हायजर उतरतो. बघणं आणि मारणं एका वेळी होत नाही, एवढा एकच नियम. पण त्याने सगळा वेग बदलतो. वनस्पती, यंत्रं, किडे, भिंतीवरचा मजकूर, सगळं आधी वाचावं लागतं. काही प्राणी निरुपद्रवी आहेत हे वाचल्यावर कळतं. काही मारायचेच आहेत, तेही वाचल्यावर कळतं. गेम साधुसंत नाही, गोळ्या भरपूर झाडतो.

त्यातले खलनायक म्हणजे स्पेस पायरेट्स. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या संगणकांवर त्यांच्या नोंदी आहेत, कार्यालयीन, रुक्ष भाषेतल्या. एका नोंदीत त्यांचे शास्त्रज्ञ सॅमसची शस्त्रं नक्कल करायला बसलेत. ती अंगाचा चेंडू करून घरंगळते, ते तंत्र त्यांनी आपल्याच काही लोकांवर करून पाहिलं. ते लोक मोडून, पिळवटून निघाले. प्रकल्प बंद. इतर नोंदींत त्यांना भीती आहे ती एकाच गोष्टीची : बाहेरून आलेली, चिलखतातली, दिसेल त्याला मारणारी एक शिकारी, आणि ती कुठवर पोचलीय. त्या ग्रहावर होस्टाइल कोण, हे त्यांच्या फायलीत नीट लिहून ठेवलंय. मी ते वाचत उभा असतो तेव्हा पलीकडच्या दाराआड एक पायरेट पहाऱ्यावर फेऱ्या मारत असतो. त्याला अजून माझी चाहूल लागलेली नसते, आणि पुढे जायचा रस्ता त्याच्याच खोलीतून जातो.