मोठ्यांची बालवाडी

विडंबन दोन प्रकारचे असते. एक मूळ कृतीला हिणवण्यासाठी केलेले, तर दुसरे तिच्यावरील लोभातून जन्मलेले. दुसरे अधिक अवघड. कारण त्यासाठी मूळ कृती अंगात मुरावी लागते. केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले'शी परिचय असलेल्या मराठी वाचकास हे वेगळे सांगावयास नको. 'अ‍ॅव्हेन्यू क्यू' हे अमेरिकन संगीत नाटक याच दुसऱ्या जातीचे आहे. २००३ साली ते न्यूयॉर्कमधील व्हिनयार्ड थिएटर या लहान रंगमंदिरात आले आणि त्याच वर्षी ब्रॉडवेवर गेले. तेथे २००९ पर्यंत त्याचे २,५३४ प्रयोग झाले. २००४ च्या टोनी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचा मान त्यास मिळाला. गीते व संगीत रॉबर्ट लोपेझ आणि जेफ मार्क्स यांचे, संहिता जेफ व्हिटी यांची.

विडंबनाचा विषय आहे 'सेसमी स्ट्रीट'. १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने शाळेत न गेलेल्या, विशेषतः गरीब वस्तीतील मुलांना जिम हेन्सन यांच्या बाहुल्यांच्या साहाय्याने अक्षरे, अंक आणि चांगुलपणा शिकविला. आपल्याकडे २००६ साली आलेली 'गली गली सिम सिम' ही त्याचीच भारतीय बहीण. त्या गल्लीत वाढलेली मुले मोठी झाल्यावर त्यांचे काय होते, हा नाटकाचा प्रश्न आहे.

नायक प्रिन्स्टन ही बाहुलीच. तो इंग्रजी साहित्याचा नवा पदवीधर. 'ए' अक्षराच्या रस्त्यापासून घर शोधत निघालेला हा तरुण परवडेल असे भाडे मिळेपर्यंत 'क्यू'पर्यंत घसरतो. आणि रुजू होण्यापूर्वीच त्याची नोकरी जाते. शेजारी केट ही बालवर्गातील मदतनीस राक्षसकन्या, स्वतःची शाळा काढण्याचे स्वप्न पाहणारी. 'सेसमी स्ट्रीट'मधील बर्ट आणि अर्नी यांची सावली असलेले रॉड आणि निकी एका खोलीत राहतात. आपल्या आयुष्याचे प्रयोजन काय, हे प्रिन्स्टनला शोधायचे आहे. बालपणी 'तू विशेष आहेस' असे ऐकत आलेल्याला भाड्याची तारीख भेटते, तेव्हा जे होते ते येथे हसत हसत दिसते.

प्रयोगाची सर्वांत मोठी करामत अशी, की बाहुल्या चालविणारे नट लपत नाहीत. करड्या कपड्यांत ते बाहुलीशेजारी उभे राहतात, गातात, चेहऱ्याने अभिनयही करतात. मूळ संचात प्रिन्स्टन आणि रॉड यांचा आवाज एकाच नटाचा होता. केट आणि तिची प्रतिस्पर्धी ल्यूसी यांचा एकाच नटीचा. दोन्ही बाहुल्या एकदम रंगमंचावर आल्या की एक दुसऱ्याच्या हाती जाई, आवाज मात्र पहिल्याचाच राही. यांपैकी काही कलावंत मूळ कार्यक्रमातच काम केलेले होते. लोभ हा असा हातांतही उतरलेला असतो.

आता आमचे मतभेद. बाहुल्यांच्या प्रणयाचे एक दृश्य विनोदाची गरज संपल्यावरही चालू राहते. हा दोष आम्ही लहान मानतो. नाटक प्रौढांसाठीच आहे. मोठा दोष दुसरा. प्रत्येकाच्या मनात थोडा वंशद्वेष असतोच, असे सांगणारे एक गाजलेले गीत येथे आहे. त्यात प्रामाणिकपणा आहे, हे खरे. परंतु सर्वांनी एकदम कबुली दिली की कोणालाच बदलावे लागत नाही, अशी सोयही त्यात आहे. दोष मान्य केल्यावर सुधारणेचा निश्चय हवा. नाही तर कबुली ही केवळ सुटका ठरते. शेजारच्या गावाविषयी, जातीविषयी, बोलीविषयी आपण घरात जे विनोद करतो, ते आठवून पाहावेत.

दुसरा आक्षेप न्यायाचा. मुलांच्या कार्यक्रमाने आपल्याला गोड थापा दिल्या, असा नाटकाचा सूर आहे. हे सर्वस्वी खरे नाही. 'सेसमी स्ट्रीट'मधील दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली १९८२ च्या डिसेंबरात वारले. त्यांच्या जागी दुसरा नट आणणे सोपे होते. कार्यक्रमाने तसे केले नाही. २४ नोव्हेंबर १९८३ रोजी 'बिग बर्ड' हा भाबडा पक्षी मिस्टर हूपरना द्यायला त्यांचे चित्र घेऊन येतो, आणि ते कधीच परत येणार नाहीत, हे मोठी माणसे त्याला सांगतात. आईवडील मुलांजवळ घरी असावेत म्हणून सणाच्या सुट्टीचा दिवस मुद्दाम निवडला होता. थापा देणारे असे वागत नाहीत.

आणि तरीही नाटकाचा कणा त्या जुन्या गल्लीतूनच आला आहे, असे आम्हांस वाटते. बेघर झालेल्या निकीला प्रिन्स्टन एक नाणे देतो आणि प्रथमच त्याचे मन हलके होते. तेथून केटच्या शाळेसाठी पैसे जमवायचे सुचते, आणि बाहुल्या टोपी घेऊन थेट प्रेक्षकांत उतरतात. तूट भरून निघते ती मात्र अश्लील चित्रांच्या धंद्यात गुंतवणूक केलेल्या ट्रेकी मॉन्स्टरच्या १ कोटी डॉलरनी. नाटककारांना भाबडेपणाची लाज वाटली, म्हणून त्यांनी त्यावर हा विनोद पांघरला असावा. आम्हांस टोपीच अधिक भावली.

प्रिन्स्टनला प्रयोजन अखेरपर्यंत सापडत नाही. सुखदुःख सारे तूर्तासाठी आहे, एवढेच तो शिकतो. शाळा मात्र उभी राहते. 'तू विशेष आहेस' हे वाक्य मुलांना सांगू नये, असे आम्ही म्हणणार नाही. त्याच्या पुढे 'आणि शेजारचाही' एवढे जोडावे. ज्या गल्लीची नाटकाने थट्टा केली, तिने तेच तर शिकविले होते.