तापलेल्या चिकणमातीची दहा वर्षे

किरणोत्सारी कचरा जमिनीत खोल पुरण्याविषयीच्या लेखांत आकृती बहुधा एकच असते. वर शेते, मधे चिकणमातीचा जाड थर आणि थराच्या पोटात बोगदे. थराशेजारी लिहिलेले असते, ‘पाणी झिरपू न देणारा’. कचरा गरम असतो, हे त्या आकृतीत कुठेच दिसत नाही. क्वचित कुणी लिहिलेच, तर वीटभट्टीची उपमा देतो : माती भाजेल, तडकेल. आमच्या मते ही उपमा वर्गात वापरू नये. विटा भाजायला आठशे-हजार अंश सेल्सिअस लागतात. येथे चिकणमातीच्या खडकाचे तापमान शंभर अंशांच्या आत ठेवायचे असते. खरी अडचण मातीची नाही, मातीत अडकलेल्या पाण्याची आहे.

बेल्जियममधील मोल या गावाखाली सुमारे २२५ मीटर खोलीवर ‘हादेस’ ही प्रयोगशाळा आहे. तिचे काम १९८० मध्ये सुरू झाले. ती ज्या ‘बोम’ चिकणमातीत खोदली आहे, तिच्या आकारमानाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग पाणी आहे. २० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापवले की पाणी सुमारे २.७ टक्के फुगते. मातीचे कण त्यामानाने फारच कमी फुगतात. चंबूत रंगीत पाणी भरून, बुचातून बारीक नळी घालून ते तापवण्याचा प्रयोग आपण सगळेच करतो. त्यात पाणी नळीत चढते. चिकणमातीत नळी नाही. छिद्रे इतकी सूक्ष्म की पाण्याला बाहेर पडायला फार वेळ लागतो. म्हणून दाब वाढतो. म्हणजे जो गुण आपण कौतुकाने सांगतो, तोच तापल्यावर अडचणीचा ठरतो. मोलला त्या खोलीवर वरच्या भाराचा दाब सुमारे ४५ वातावरण आणि मूळचा पाण्याचा दाब सुमारे २२ वातावरण. कणांना एकमेकांवर घट्ट धरून ठेवतो तो या दोहोंतील फरक. पाण्याचा दाब वाढेल तसा हा फरक कमी होतो, आणि पुरेसा कमी झाला तर खडकात भेगा पडू शकतात.

उष्णतेचे दुसरे काम मात्र उलट दिशेचे आहे. ८० अंशांवर पाण्याची विष्यंदिता २० अंशांवरील विष्यंदितेच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येते. त्यामुळे साठलेला दाब निसटायलाही मदत होते. या ओढाताणीत कोण जिंकते, हे कागदावर ठरत नाही.

म्हणूनच तेथील ‘प्राक्ले’ प्रयोग आम्हाला महत्त्वाचा वाटतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये एका बोगद्यातील तापक सुरू केले गेले. ऑगस्ट २०१५ मध्ये मातीच्या कडेला ८० अंश तापमान आले, आणि ते दहा वर्षे टिकवायचे असा आराखडा होता. बोगद्याच्या तोंडाशी बेंटोनाइटचे सील बसवून पाण्याची वाट मुद्दाम अडवली होती. परिस्थिती सौम्य करण्याऐवजी कठीण करून घेतली, ही या प्रयोगाची प्रामाणिक बाजू.

तरीही अशा प्रयोगांनी ‘सुरक्षितता सिद्ध झाली’ असे कुणी लिहिले, की आम्हाला आक्षेप घ्यावासा वाटतो. उष्णता वहनाने किती दूर जाते, हे ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळावर अवलंबून असते. अशा मातीत दहा वर्षांत ती पंचवीस-तीस मीटर पोचते, असे गणित येते. काळ शंभरपट, म्हणजे हजार वर्षे घेतला, तर अंतर दहापट. मोलजवळ थराची जाडी साधारण शंभर मीटर आहे. म्हणजे प्रयोगात थराच्या वरच्या-खालच्या सीमांना उष्णतेचा स्पर्श जेमतेम होणार. प्रत्यक्ष भांडारात त्या सीमा नक्की तापणार. शिवाय भांडारात बोगदा एक नसतो. शेजारच्या बोगद्यांची उष्णता एकमेकींत मिसळते. आणि तापक एकाच तापमानावर धरून ठेवता येतो, काचेत गोठवलेला कचरा (आपल्याकडे तारापूरला असा कचरा काचेत बद्ध करतात) हळूहळू निवत जातो. प्रयोगाने संगणकावरील प्रतिमान बोगद्याभोवतीच्या मातीपुरते तपासले जाते. पुढची हजारो वर्षे ते प्रतिमानच सांगते, मोजमाप नव्हे. हा फरक आकृतीखालच्या एका ओळीत सहज लिहिता येईल. लेखक लिहीत नाहीत एवढेच.

यात निवण्याचा टप्पा तर बहुतेक लेखांत गायबच असतो. तापताना पाणी फुगून दाब वाढतो, तसे निवताना ते आकसून दाब घटतो. तापण्याच्या काळात बदललेली माती त्या वेळी पूर्ववत होते की नाही, हे तापण्याच्या आलेखावरून कळणार नाही. निवण्याचे आलेखही तितक्याच मोठ्या आकारात आणि तितक्याच आवर्जून छापले जावेत, एवढी आमची मागणी आहे.